वाहन-विचारणा : अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तरी गाडी उशिरा उचल घेते

प्रश्न : माझी डिझेल गाडी २०१६ सालची असून १ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे. गेले दोन महिने गगनबावडा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या ओलांडताना फार पंचाईत होते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी दोन-तीन सेकंद गाडी ओढच घेत नाही, मग एकदम झेपावते आणि आरशात काळा धूर दिसतो. डिझेल फिल्टर बदलून झाला, उपयोग झाला नाही. आता गॅरेजमध्ये चारही नोझल बदलायला सांगत आहेत. बदलावेत का? (एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर)

उत्तर : नोझलचा, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचा, खर्च तूर्त थांबवावा. आपण सांगितलेली लक्षणे प्रथमदर्शनी हवेच्या मार्गातील दोषाची आहेत, आणि तो तपासण्यापूर्वी महागड्या भागांना हात लावण्याचे कारण नाही.

आधी एक साधी चाचणी करावी. मात्र ट्रॉली ओलांडताना नव्हे, तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर आणि शेजारी माणूस बसवून. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांवर स्थिर चालू द्यावी, मग अ‍ॅक्सिलरेटर दाबावा आणि शेजाऱ्याने फक्त फेऱ्यांचा काटा पाहावा. काटा झटकन वर गेला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. काटाच रेंगाळला, तर दोष इंजिनाकडे आहे. पाचव्या गिअरमध्ये १,२०० फेऱ्यांवर ही परीक्षा घेऊ नये, कारण तेथे चांगल्या टर्बो डिझेललाही दम लागतो. तो दोष नव्हे, तेथे गिअर उतरवायचा असतो.

आपल्या गाडीचा धूर पाहता काटा रेंगाळेल, असे मला वाटते. टर्बोने दाबलेली हवा ती थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून इंजिनाकडे जाते, आणि या वाटेवर जाड रबरी होज पाइप असतात. टर्बोतून येणाऱ्या हवेबरोबर थोडी तेलाची वाफही येते. ती पाइपाच्या तळाशी साचते, रबर मऊ पडते आणि क्लिपच्या कडेला चीर जाते. हवा किती आत आली हे मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी, एअर फिल्टरजवळ असतो. त्यामुळे संगणक त्याच्या हिशेबाने डिझेल सोडतो, पण मोजलेल्या हवेतील काही वाटेतच निसटते. हवा कमी आणि डिझेल जास्त झाले की काळा धूर येतो, आणि गळतीवर मात करून दाब तयार होईपर्यंत गाडी ओढत नाही.

ही चीर शोधणे मात्र दिसते तितके सोपे नाही, कारण उभ्या गाडीत ती मिटलेली असते आणि ओढ लागली की उघडते. माझ्या स्वतःच्या गाडीत ती जेमतेम नखाएवढी होती. दोन गॅरेजमध्ये वरून पाहून पाइप ठीक असल्याचे सांगितले गेले. अखेर उद्यमनगरातील एका वयस्कर मिस्त्रींनी क्लिप सोडून पाइप हातात वाकवला, तेव्हा तेलाने काळपट झालेल्या रबराला खालच्या अंगाला ओठ फुटल्यासारखी फट दिसली. म्हणून पाइप सोडवून, पुसून, वाकवून पाहावेत. त्यातूनही न सापडल्यास मार्ग बंद करून बेताच्या दाबाने हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जागा दाखवतात. नवा पाइप आणि नव्या क्लिपा यांचा खर्च चार नोझलांपुढे किरकोळ आहे.

त्याच वेळी गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्यावा. पी ०२९९ हा कोड टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे सांगतो. तो टर्बोच बिघडल्याचा निकाल नव्हे, हे ध्यानात ठेवावे. कोड लिहून घेण्यापूर्वी पुसू देऊ नये; धावत्या गाडीत मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांचे आकडे शेजारी शेजारी पाहावेत.

पाइप निर्दोष निघाले, तर टर्बोच्या नियंत्रकाकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी आणि काजळीने अर्धवट उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) पाहावा. एअर फिल्टरही उघडावा. गळीत हंगामात या रस्त्यावर पाचटाचा भुसा आणि धूळ इतकी असते की पुस्तिकेतील किलोमीटरचा हिशेब आपल्याकडे जरा उदारच ठरतो.

डिझेल फिल्टर बदलूनही फरक पडला नाही, याचे मला नवल वाटत नाही. तुंबलेल्या फिल्टरने गाडी लांब चढावर हळूहळू दम सोडते. उशिरा झेपावणे हे त्याचे लक्षण क्वचितच असते. नोझल खराब असतील, तर उभ्या गाडीतही इंजिन असमान चालते किंवा सकाळी सुरू व्हायला त्रास देते. तसे असल्यास प्रत्येक नोझलचे परतीचे डिझेल वेगळ्या बाटलीत घेऊन मोजावे, आणि ज्याचे जास्त भरेल तेवढाच दुरुस्तीला काढावा. चारही एकदम बदलण्याचा सल्ला या मोजमापाशिवाय मान्य करू नये.

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलवरून निघताना क्षणभर अडखळते, पुढे मात्र उत्तम चालते. काय पाहावे? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : प्रथम अ‍ॅक्सिलरेटरखालचे मॅट पाहावे. मूळ मॅटवर दुसरे जाड मॅट टाकल्याने पेडल अडते, आणि हे पाहायला पैसे लागत नाहीत. ते ठीक असल्यास इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या झडपेभोवती साचलेला कार्बन काढून घ्यावा. झडप बोटाने जबरदस्तीने उघडू नये, आत मोटर असते. सफाईनंतर इंजिनाचे फेरे काही वेळ जास्त राहू शकतात. दोन-तीन दिवसांत ते खाली आले नाहीत, तर स्कॅनरवरून थ्रॉटलची नोंद नव्याने करून घ्यावी.