रक्तदाब ठीक, तरी प्रकृती गंभीर कशी?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गातून सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादामुळे अवयव बिघडू लागणे) झाला आणि त्या धंतोलीतील एका रुग्णालयात नऊ दिवस अतिदक्षता विभागात होत्या. तिसऱ्या दिवशी मॉनिटरवर वरचा रक्तदाब ११० होता, तरी डॉक्टरांनी त्यांच्या बोटाचे टोक दाबून पाहिले आणि धोका टळलेला नाही असे सांगितले. आता त्या घरी आल्या आहेत. माझे पुण्याचे दीर म्हणतात की, जिभेखाली कॅमेरा धरून बारीक रक्तवाहिन्या पाहता येतात. ही तपासणी झाली नाही, म्हणजे आमच्याकडून काही राहून गेले का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : काही राहून गेले असे मला वाटत नाही, मात्र आपल्या दिरांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे. पेंचच्या कालव्याला पाणी सुटले आणि मुखाशी पातळी भरपूर असली, तरी टेलच्या शेतकऱ्याचे वावर कोरडे राहू शकते. रक्तदाबाचा आकडा मुखाशी असलेली पातळी सांगतो; वावरात ओल पोचली की नाही, हे त्यावरून कळत नाही. शरीरातील ही वावरे म्हणजे पेशी, आणि त्यांना प्राणवायू पोचवणाऱ्या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की, सात-आठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या तांबड्या पेशीला त्यांतून अनेकदा अंग चोरूनच जावे लागते.

सेप्सिसमध्ये या वाहिन्यांचे आतले अस्तर सुजते, पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात, बारीक गुठळ्या होतात आणि तांबड्या पेशींची लवचीकता कमी होते. त्यामुळे एका केशवाहिनीतून रक्त धावत असते, तर तिच्या शेजारची ठप्प असते. औषधांनी रक्तदाब सावरल्यावरही ही विस्कळीत अवस्था टिकून राहू शकते, आणि डॉक्टरांची काळजी बहुधा त्याचीच होती.

हे डोळ्यांनी पाहता यावे यासाठी हातात धरण्याजोगा सूक्ष्मदर्शक १९९९ मध्ये पुढे आला. त्यानंतर त्याच्या दोन सुधारित पिढ्या आल्या. त्यातून हिरवा प्रकाश टाकतात. हिमोग्लोबिन तो शोषून घेते, म्हणून उजळ पार्श्वभूमीवर तांबड्या पेशी काळ्या ठिपक्यांसारख्या धावताना दिसतात. वाहिनीची भिंत मात्र दिसत नाही, त्यामुळे जी केशवाहिनी रिकामी पडली ती चित्रातून नाहीशीच होते. जिभेखालची त्वचा पातळ असते आणि तिथे पोचणेही सोपे असते, म्हणून ती जागा निवडली गेली. ब्रुसेल्सच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, गंभीर सेप्सिसच्या रुग्णांत रक्त वाहत असलेल्या बारीक वाहिन्यांचे प्रमाण घटते, आणि जे रुग्ण दगावले त्यांच्यात ते अधिकच घटलेले होते.

मग हा कॅमेरा प्रत्येक खाटेशी का नाही? उपकरण किंचित जास्त दाबले गेले तरी त्या दाबानेच रक्त थांबते आणि निरोगी माणसाचे चित्रही भयावह दिसते. लाळ आड येते, शुद्धीवर असलेला रुग्ण जीभ हलवतो, आणि निरनिराळ्या ठिकाणची चित्रे घेऊन ती काळजीपूर्वक मोजावी लागतात. त्याहून मोठी अडचण अशी की, चित्र बिघडलेले दिसले तरी त्यावरून नेमका कोणता उपचार बदलावा हे अजून पक्के ठरलेले नाही. हे चित्र उपचार करणाऱ्यांना कळवल्याने शॉकच्या, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या, रुग्णांचे प्राण अधिक वाचतात, असेही चाचणीत दिसलेले नाही. म्हणून आज तरी ते मुख्यतः संशोधनाचे साधन आहे.

याउलट बोट दाबून पाहणे अडाणी वाटते, पण ते तसे नाही. बोटाचे टोक रंग उडेपर्यंत दहा सेकंद दाबून ठेवतात आणि सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर रक्त कडेपर्यंत नीट पोचत नाही असे समजतात. दक्षिण अमेरिकेतील पाच देशांत सेप्टिक शॉकच्या ४२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचारांची दिशा एका गटात बोटावरून आणि दुसऱ्या गटात रक्तातील लॅक्टेटच्या (पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढणाऱ्या घटकाच्या) पातळीवरून ठरवली गेली. अठ्ठावीस दिवसांत पहिल्या गटात ३४.९ टक्के, तर दुसऱ्यात ४३.४ टक्के रुग्ण दगावले. हा फरक संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीला थोडक्यात उतरला नाही, तरी फुकट होणारी तपासणी रक्ताच्या तपासणीपेक्षा उणी ठरली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्या डॉक्टरांनी तीच केली.

प्रश्न : बोट दाबून पाहण्याची तपासणी घरी करता येईल का? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : करता येईल, पण तिच्यावर विसंबू नये. डिसेंबरात पहाटे गारठलेल्या बोटाचा रंग निरोगी माणसातही उशिरा परततो, त्यामुळे विनाकारण घाबरगुंडी उडते. आणि रंग लगेच परतला म्हणून आजार साधा ठरत नाही. तापाबरोबर ग्लानी, असंबद्ध बोलणे, धाप किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले, तर बोट दाबत न बसता रुग्णाला रुग्णालयात न्यावे.