ड्रोन उडवता येईल, मोजणीचं काय?

प्रश्न : माझा मुलगा सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ड्रोनने इमारतींची पाहणी आणि बांधकामाच्या साइटचे नकाशे करण्याचं काम त्याने पाहिलं, आणि आता डिप्लोमा अर्धवट सोडून ड्रोन पायलटचा कोर्स करायचा म्हणतो. फी भरायची आमची तयारी आहे. या कामात भविष्य आहे का? – एक पालक

उत्तर : भविष्य आहे. पण डिप्लोमा सोडू देऊ नका. 'हातात काहीतरी सर्टिफिकेट असावं' एवढ्यासाठी मी हे सांगत नाही.

त्याला हे काम ड्रोन उडवण्याचं वाटतंय. साइटचा नकाशा करताना ड्रोन बहुतेक वेळा आपला आपणच उडतो. टॅबवर हद्द आखायची, उंची ठरवायची, लागोपाठच्या दोन फोटोंत ७५ ते ८० टक्के भाग सारखा येईल असं सेटिंग करायचं. मग तो नांगरटीसारख्या येरझाऱ्या घालतो आणि परत येतो. परवाना हवा, वाऱ्याचं आणि विजेच्या तारांचं भान हवं, हे कोर्समध्ये शिकवतात. मात्र पैसे फोटोंचे मिळत नाहीत. त्या शेकडो फोटोंतून तयार झालेल्या नकाशावरची मापं बरोबर आहेत, ही जबाबदारी जो घेतो त्याला ते मिळतात.

उंचीचंच घ्या. जीपीएस मुळात जी उंची देतो ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून मोजलेली असते. ड्रॉइंगमधली पातळी सहसा समुद्रसपाटीपासून धरलेली. या दोन्हींतला फरक जगात कुठे नगण्य, तर कुठे शंभर मीटरच्या आसपास जातो. एवढी मोठी चूक निदान लगेच लक्षात तरी येते. खरी भीती दहा सेंटिमीटरच्या चुकीची. नकाशा देखणा दिसतो, कोणाला शंका येत नाही, आणि एका हेक्टरवर भरावाच्या हिशेबात एक हजार घनमीटरचा घोळ झालेला असतो. ठेकेदाराचं बिल त्याच हिशेबावर निघतं! म्हणून उड्डाणाआधी जमिनीवर खुणा मांडून त्यांची अचूक मोजणी करतात, आणि त्यातल्या काही खुणा फोटोंपासून नकाशा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला न देता फक्त पडताळणीसाठी राखून ठेवतात. याचा पाया त्याच्या सर्व्हेइंगच्या तासांत घातला जातो. कदाचित नेमक्या त्याच तासांना तो कंटाळला असेल.

इमारतींच्या पाहणीतही तेच. उंच भिंतीचे फोटो परांची न बांधता मिळतात, हा फायदा मोठाच. पण फोटोतली भेग फक्त गिलाव्याची आहे की आतली सळई गंजून फुगल्याने आली आहे, हे ड्रोन सांगत नाही. थर्मल कॅमेऱ्यात उन्हाने तापलेल्या भिंतीवर एखादा पट्टा जास्त गरम दिसला, तर तिथला गिलावा सुटून मागे हवेची पोकळी झाली असण्याची शक्यता असते, कारण उष्णता भिंतीत झिरपत नाही. अर्थात रंग बदलला किंवा सावली हलली तरीही तसाच पट्टा दिसू शकतो. शेवटी कोणीतरी हातोडीने ठोकून, पोकळ वाजतंय का ते ऐकावंच लागतं. कुठे ठोकायचं हे ज्याला कळतं, त्याचा रिपोर्ट लोक पुन्हा मागतात.

फी भरण्याआधी एक करा. फोटोंपासून नकाशा बनवणारं ओपनड्रोनमॅप आणि त्यातून तयार झालेल्या त्रिमितीय बिंदूंवर मापं काढणारं क्लाउडकम्पेअर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, सरावासाठी ड्रोनचे नमुना फोटोही नेटवर मिळतात. सुट्टीत त्याला त्यातून खडीच्या किंवा मातीच्या एखाद्या ढिगाचं घनफळ काढू द्या. ढिगाचा तळ वेगवेगळा धरून दोनदा. दोन्ही आकडे वेगळे येतील. ते का वेगळे आले आणि त्यातला कोणता आपण ठेकेदाराला देऊ, हे त्याने तुम्हाला समजावून सांगावं. यात तो रमला, तर पायलटचा कोर्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात, सुट्टीत करता येईल. दोन दिवसांत कंटाळला, तर त्याला उडवण्याची हौस आहे, आणि ती छोट्या ड्रोनवरही भागते. स्वतःचा महागडा ड्रोन मात्र इतक्यात घेऊ नका. आधी दुसऱ्याच्या हाताखाली साइटवर काम करू द्या.