येख, दुय, त्रिन

प्रिय सई,

परवा तू विचारलेस, ‘माझ्या मैत्रिणीची आजी येख, दुय, त्रिन असे आपल्यासारखेच मोजते, मग ते मराठी आहेत का?’ मी फोडणी घालत होते आणि ‘योगायोग असेल’ म्हणून मोकळी झाले. ते उत्तर चूक होते, म्हणून हे पत्र.

तिची आजी रोमा आहे, म्हणजे युरोपात ज्यांना ‘जिप्सी’ म्हणत आले त्या लोकांपैकी. इथे प्रागमध्ये राहणारी बरीच रोमा घराणी दुसऱ्या महायुद्धानंतर स्लोव्हाकियातून आली, पण त्यांचे पूर्वज भारतातून निघाले होते. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’ आणि मिठाला ‘लोन’ म्हणतात. आपल्या लोणच्यात तोच शब्द दडला आहे. मला सर्वांत आवडतो तो ‘खाम’. त्यांच्याकडे त्याचा अर्थ सूर्य, आपल्याकडे तोच शब्द घाम झाला, कारण दोन्हींचे मूळ ‘घर्म’, म्हणजे उष्णता.

आता आजीला सहाच्या पुढे मोजायला सांग. ‘एफ्ता, ओख्तो, एन्या’ हे सात, आठ, नऊ ग्रीक आहेत, आणि मग ‘देश’ म्हणजे आपले दहा. ग्रीक बोलणाऱ्यांच्या मुलखात ही माणसे पिढ्यानपिढ्या राहिली, हे या तीन आकड्यांवरूनच कळते. घोड्याचा ‘ग्रास्त’ त्यांनी त्याआधी आर्मेनियन लोकांकडून घेतला होता.

भाषेचे हे नाते 1780च्या दशकातच जर्मन अभ्यासकांनी दाखवून दिले होते. रक्ताची साक्ष फार उशिरा आली. बापाकडून मुलाला जवळजवळ जशाच्या तशा मिळणाऱ्या वाय गुणसूत्राचा एक आशियाई प्रकार 2001 साली तपासलेल्या चौदाही रोमा गटांत सापडला, आणि त्या पुरुषांपैकी सुमारे 45 टक्क्यांमध्ये तो होता. 2012च्या मोठ्या अभ्यासाने असा अंदाज केला की उत्तर किंवा वायव्य भारतातला एकच लहान समूह साधारण 1500 वर्षांपूर्वी निघाला आणि बाल्कनमधून सुमारे 900 वर्षांपूर्वी युरोपात पसरला. वाटेत आणि इथे आल्यावर लग्नसंबंध होत गेले, त्यामुळे आज त्यांच्या जनुकांत युरोपीय वाटाही मोठा आहे. (‘जिप्सी’ हे नाव मात्र ते इजिप्तहून आले, या गैरसमजातून पडले.)

मग ते मराठी का नाहीत? तू ‘ते पाणी’ म्हणताना नेहमी अडखळतेस, तिथेच याचा एक धागा आहे. मराठीने संस्कृतातले नपुंसकलिंग टिकवले, रोमानीने हिंदीसारखे ते सोडले, म्हणून आजीचे पाणी ‘तो पाणी’ असते. त्यांची बोली आपल्या बोलीतून निघालेली नाही. दोघींची पणजी एक, एवढेच. आपल्याकडे कौतुकाने ‘ते आपलेच’ म्हणतात, ते मला घाईचे वाटते, कारण आपले कोण हे त्यांनाही ठरवू द्यायला हवे.

शनिवारी तिच्याकडे जाशील तेव्हा लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन जा, आणि आजीला ‘लोन’ म्हणून दाखव.

तुझी,
आई