स्पिट्झ बूड घासतो, मासळीसारखा वास येतो : गुदग्रंथी घरी दाबून रिकाम्या कराव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा : दारव्ह्याजवळच्या गावातला सात वर्षांचा पांढरा पॉमेरियन, नर, वजन साडेनऊ किलो. महिनाभरापासून अंगणात बूड घासत सरकतो, शेपटीखाली चाटतो, अंगाला कुजक्या मासळीचा वास येतो. गुरांचं जंताचं औषध देऊन झालं, फरक नाही. खाणं दूध-पोळी. "जवळपास फक्त गुरांचे डॉक्टर आहेत, मग व्हिडिओ पाहून ग्रंथी मीच दाबू का?"

दाबता येतात. पण त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. त्रास खरंच ग्रंथींचा आहे का, आणि असेल तर त्या भरून का राहतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वर्णनात मला आत्ताच दिसतंय : दूध-पोळी आणि वजन.

शेपटी वर उचलून मागून पाहिलं तर गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळाच्या ४ आणि ८ या आकड्यांच्या जागी, कातडीखाली एकेक पिशवी असते, तीच गुदग्रंथी. एवढ्या कुत्र्यात ती वाटाण्याएवढी, भरली की त्याहून मोठी लागते. तिची बारीक नळी गुदद्वाराच्या अगदी कडेला उघडते. घट्ट शी बाहेर पडताना पिशवीवर दाब येतो आणि आतला पिवळट-तपकिरी, उग्र वासाचा द्रव थोडा थोडा निघून जातो. शी पातळ किंवा चिकट असेल तर तो दाब येत नाही. द्रव साचतो, घट्ट होतो, नळी बुजते, मग जंतुसंसर्ग होतो आणि शेवटी गळू. लहान जातींत हे जास्त दिसतं. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. त्यातल्या लहान चणीच्या कुत्र्याचं वजन साधारण ५ ते ७ किलो असतं, म्हणजे तुमचा चांगलाच जाड झाला आहे. बरगड्या हाताला लागत नसतील तर शंकाच नको. मागच्या भागात चरबी साठली की पिशवीवर पुरेसा दाब पडत नाही.

आता जंतांचं. बूड घासणाऱ्या कुत्र्याच्या शीत, शेपटीखालच्या केसांत किंवा झोपायच्या पोत्यावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात का ते पाहा. तो पट्टकृमी, आणि तो पिसवांमधून येतो. गुरांना देतात त्या फेनबेंडाझोलनं हा जात नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं, किलोमागे ५ मिलिग्रॅम. कुत्र्यांच्या जंताच्या बऱ्याच गोळ्यांत ते ५० मिलिग्रॅम असतं, म्हणून १० किलोला एक गोळी हा हिशोब. पिसवा तशाच राहिल्या तर तीनेक आठवड्यांत पुन्हा तेच. आणि पिसवा-गोचिडांसाठी पऱ्हाटीवर फवारायचं औषध कुत्र्याला चोळू नका. गावोगाव हे चालतं आणि त्यानं कुत्री मरतात. अंग चाटल्यावर ते विष पोटातही जातं.

जंत नाहीत, पिशव्याही रिकाम्या आहेत, पण कुत्रा पंजे चाटतो, कान खाजवतो, पोट लाल आहे, तर मूळ अॅलर्जीत आहे. अशा कुत्र्याच्या ग्रंथी कितीही दाबल्या तरी घासणं थांबत नाही.

दाबण्याआधी नीट पाहा. एका बाजूला लाल, गरम सूज, हात लावताच कळवळणं, छिद्र पडून पू किंवा रक्त येणं, ताप, जेवण सोडणं, यातलं काहीही असेल तर दाबायचं नाही. सुजलेली पिशवी आतल्या आत फुटते आणि पू मांसात पसरतो. तिथं डॉक्टरच हवा.

यातलं काही नसेल तर सामान इतकं पुरे : रबरी हातमोजे, व्हॅसलीन, कापूस, कोमट पाण्याचा गंज, साबण, आणि कुत्र्याच्या ओळखीचा एक मदतनीस. कितीही गरीब कुत्रा असला तरी मुसकं बांधा. जुन्या दुपट्ट्याची तीन फूट लांब, दोन इंच रुंद पट्टी घ्या. नाकाडावर वेढा देऊन वर एक गाठ मारा, टोकं जबड्याखाली ओलांडून कानांमागे सुटणारी गाठ बांधा. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, त्यामुळे मुसकं पाच मिनिटांहून जास्त नको, आणि उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरका. ओकारी येत असलेल्या कुत्र्याला मुसकं मुळीच नको.

मदतनिसानं कुत्रा उभा धरायचा, एक हात गळ्याखाली, दुसरा पोटाखाली. तुम्ही बाजूला उभे राहा, थेट मागे नको, पिचकारी कुठं उडेल सांगता येत नाही आणि कपड्याचा वास दोन धुण्यांतही जात नाही. डाव्या हातानं शेपटी सरळ वर उचला. उजव्या हातात कापसाचा जाड बोळा धरा आणि अंगठा व तर्जनी ४ आणि ८ च्या जागी पिशव्यांच्या बाहेरच्या, खालच्या बाजूला टेकवा. आधी बोटं हलकी आत, कुत्र्याच्या डोक्याच्या दिशेनं रोवा, मग एकमेकांकडे आणतच गुदद्वाराकडे, वर आणि बाहेर ओढा. बहुतेकांचं इथंच चुकतं. ते दोन्हीकडून नुसतं चिमटतात, त्यामुळे पिशवी मागे सरकते आणि नळीकडे काहीच येत नाही. दोनदा करून काही आलं नाही तर थांबा. तिसऱ्यांदा जोर लावायचा नाही.

बोट आत घालून करायची पद्धत जास्त चांगली, पिशवी पूर्ण रिकामी होते. मोज्याच्या तर्जनीला भरपूर व्हॅसलीन, बोट एक पेरभर आत, अंगठा बाहेरून, मध्ये सापडलेली गोळी हळूहळू तोंडाकडे दाबत आणायची, एका वेळी एकच बाजू. पण ही पद्धत कुणी समोर हातानं दाखवल्याशिवाय करू नका. व्हिडिओत सगळं दिसतं, पण बोटाला किती जोर लावायचा ते त्यातून कळत नाही.

निघालेला द्रव कापसावर पाहा. पातळ, पिवळट किंवा तपकिरी : ठीक. राखाडी-तपकिरी, टूथपेस्टसारखा घट्ट : तुंबलेली पिशवी, आठवड्यानं पुन्हा तपासा. हिरवट-पिवळा किंवा रक्ताळ : डॉक्टरकडे. मग कोमट पाणी आणि सौम्य साबणानं बाहेरची जागा धुऊन कोरडी करा. एखाद-दोन दिवस तो चाटेल किंवा थोडं घासेल, तेवढं चालतं.

एकदा रिकामी झाली की दर आठवड्याला दाबायची सवय लावून घेऊ नका. उगाच दाबत राहिलं तर नळीलाच सूज येते आणि बऱ्या ग्रंथी बिघडतात. लक्षण दिसलं तरच, आणि तेही तीन-चार आठवड्यांच्या आत शक्यतो नाही. त्याहून लवकर भरत असतील तर कारण अजून जागेवरच आहे.

म्हणून खरं काम ताटात आहे. दूध बंद करा. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही आणि शी सैल राहते. सात दिवसांत हळूहळू बदल करा : पोळी कमी, त्याजागी उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं चिकन, थोडी ज्वारीची भाकर किंवा भात, आणि मीठ-तिखट न घातलेलं उकडलेलं कोहळं (लाल भोपळा), दिवसाला एक ते दोन मोठे चमचे. कोहळं नसेल तर इसबगोल अर्धा लहान चमचा, अर्धी वाटी पाण्यात भिजवून जेवणात कालवून. कोरडा इसबगोल देऊ नका. शी अशी हवी की उचलली तर आकार मोडत नाही. ती ढिगाएवढी आणि मऊ व्हायला लागली तर कोहळं किंवा इसबगोल कमी करा. दोन-तीन आठवडे द्या, तेव्हा फरक कळेल. फोडणीचं वरण, सावजी रस्सा, जवसाची लसणाची चटणी लावलेली भाकर यातलं काहीच नको; तिखट-तेलाचा त्रास वेगळा, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. "हाडं दिली की शी घट्ट होते" हे खरं आहे, पण शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि शी पांढरी, खडूसारखी होऊन अडकते. तो उपाय सोडाच.

गुरांचे डॉक्टर म्हणून मागे राहू नका. पशुवैद्यकाच्या पदवीत कुत्र्यांचे आजारही शिकवतात, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याला ही ग्रंथी रिकामी करता येते. फक्त ते पदवीधर आहेत ना एवढं विचारा. पहिल्या वेळी त्यांच्याकडूनच करून घ्या आणि पाहून शिका. संसर्ग असेल तर ते गुंगी देऊन पिशवी सलाइननं धुतात आणि आत मलम भरतात. गळू असेल तर चिरून पू काढतात. ती जखम बहुधा उघडीच ठेवतात, म्हणजे पू आत कोंडत नाही. घरी ती जागा मिठाच्या पाण्यानं धुवा : एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, ९ ग्रॅम मीठ, म्हणजे लहान चमच्याने सपाट दीड चमचा. भोवतालचे केस कापा. चाटू नये म्हणून लहान प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून, कडेला कापड गुंडाळून गळ्यात बांधा. पावसाळ्यात अशा जखमेत एखाद्या दिवसातही अळ्या पडू शकतात, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाहायलाच हवं. अळ्या दिसल्या तर फिनेल, रॉकेल, डांबर गोळीची पूड टाकू नका. चाटल्यावर ते पोटात जातं.

दुखतंय म्हणून घरातली गोळी देऊ नका. मेलॉक्सिकॅम कुत्र्यांना चालतं, पण नेहमीचा डोस किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १ मिलिग्रॅम, आणि माणसाची गोळी असते ७.५ किंवा १५ ची. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन तर नकोच. त्यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडतं.

सात वर्षांचा कुत्रा आहे, म्हणून एक गोष्ट बोटांनी जरूर तपासा. पिशवी रिकामी केल्यावरही तिथं टणक, न दुखणारी गाठ तशीच राहिली, किंवा कुत्रा अचानक खूप पाणी पिऊन खूप मुतायला लागला, तर ती पिशवीची कर्करोगाची गाठ असू शकते. तिच्यामुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं, म्हणून ही तहान. अशा वेळी गावात दिवस काढू नका. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था गाठा, गाठीचा नमुना आणि रक्ततपासणी करून घ्या. गाठ नसून गळूच वारंवार होत असेल तर दोन्ही पिशव्या काढून टाकायची शस्त्रक्रियाही असते, पण ती सूज पूर्ण उतरल्यावर. शीवरचा ताबा सुटायचा धोका त्यात असतो, त्यामुळे आधी किती जणांवर ही शस्त्रक्रिया केली आहे हे सर्जनला सरळ विचारा.