जिन्याखालची टाकी

प्रश्न: माझा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. हवेवर चालणारी मोटारसायकल हा त्याचा आणि तिघा मित्रांचा प्रोजेक्ट. त्यासाठी भंगारातून जुनी सीएनजीची टाकी आणून आमच्या जिन्याखाली ठेवली आहे. "हवाच तर भरायची आहे आई, गॅस थोडाच आहे," म्हणतो. टाटांची अशी गाडी येणार होती, तिचं काय झालं? आणि टाकी घरात राहू द्यावी का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: ताई, आधी टाकीचं बघू. ती आजच उघड्यावर हलवा आणि व्हॉल्व्हला कुणालाही पाना लावू देऊ नका. भंगारवाला रिकामी म्हणतो त्या टाकीत थोडा गॅस उरलेला असू शकतो. नुसता गॅस टाकीच्या आत पेटत नाही, त्याला हवा लागते. ती हवा आता ही पोरं स्वतःच्या हाताने आत कोंबणार आहेत. म्हणजे "हवाच तर आहे" हेच इथे धोक्याचं.

दुसरी गोष्ट दाबाची. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत एकोणतीस वर्षं मी कॉम्प्रेसर सांभाळले. दाब बारमध्ये मोजतात, एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब. मोटारीच्या चाकात साधारण २ बार दाब असतो, गॅरेजच्या कॉम्प्रेसरला ८ ते १०, सीएनजीच्या टाकीत २००. साठ लिटरच्या टाकीत २०० बारने हवा भरून ती फुटली, तर हिशेबाने अर्धा किलो टीएनटी या स्फोटकापेक्षा जास्त ऊर्जा एका क्षणात मोकळी होते. म्हणूनच आपल्याकडे गाडीच्या सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. ती चाचणी पाण्याने करतात, हवेने नाही. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी तडकली तरी पाणी सांडतं आणि दाब उतरतो. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी दबा धरून बसते. तुमच्या टाकीच्या मानेवर शेवटच्या चाचणीची तारीख ठोकलेली असेल, ती वाचून मुलालाच विचारा, ही टाकी भंगारात का आली असेल?

आता टाटांची गाडी. फ्रान्सचे इंजिनिअर गी नेग्र यांच्या एमडीआय कंपनीशी टाटा मोटर्सने २००७ मध्ये करार केला. २०१२ मध्ये कंपनीने सांगितलं की पहिला टप्पा पार पडला, दोन गाड्यांवर तंत्र चालवून पाहिलं. विक्रीला गाडी आली नाही. तरी व्हॉट्सअॅपवर ती दर दिवाळीला येते. तेलकंपन्यांनी दाबून टाकली, असंही लोक सांगतात. मला तेवढं लांब जायची गरज वाटत नाही, कॉम्प्रेसरचं वीजबिल पुरेसं आहे. एमडीआयच्या गाड्यांत कार्बन फायबरच्या टाक्या आणि ३०० बारच्या आसपास दाब, अशी कल्पना होती. ३०० लिटरच्या टाकीत त्या दाबाने जवळजवळ शंभर किलो हवा मावते. अगदी आदर्श यंत्र धरलं तरी त्यातून विजेच्या १२ युनिटच्या आसपास काम निघेल, प्रत्यक्षात निम्मंही निघणं कठीण. टाटांच्याच विजेवर चालणाऱ्या टिआगो ईव्हीची लहानात लहान बॅटरी १९.२ युनिटची आहे.

शिवाय भरतानाची नासाडी वेगळीच. हवा दाबली की तापते. एकाच दमात ३०० बारला नेली तर हिशेबाने तापमान हजार अंशांच्या वर जातं, म्हणून टप्प्याटप्प्याने दाबून मध्ये गार करावी लागते. त्या उष्णतेचे पैसे आपण विजेत भरलेले असतात आणि ती वाऱ्यावर जाते. कारखान्यात आमचा ठोकताळा असा की हवेच्या हत्यारातून एक एचपी हवा असेल तर कॉम्प्रेसरला सात-आठ एचपी वीज पाजा. हे परवडतं कुठे? पेंट शॉपसारख्या ठिकाणी, जिथे विजेच्या मोटारीची ठिणगी चालत नाही.

सुटताना उलटं, हवा गारठते. पावसाळ्यात एअर ग्राइंडर सलग चालवला की त्याच्या एक्झॉस्टला बर्फ धरायचा आणि आमचा फिटर चहाचा ग्लास तिथे टेकवून "कोल्ड कॉफी" म्हणायचा. फ्रान्समध्ये नांत शहरात १८७९ पासून हवेवरच्या ट्राम धावल्या, त्यांतही हवा आधी गरम पाण्यातून नेत. नाहीतर इंजिनात बर्फ.

म्हणून मुलाला प्रोजेक्ट सोडायला लावू नका. फक्त टाकी बदलू द्या. नेमप्लेट असलेला, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि चालू गेज बसवलेला एअर रिसीव्हर, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा साठवायची टाकी, घ्यायचा, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सरांच्या समोर भरायचा, प्लेटवरच्या दाबापलीकडे काटा जाऊ द्यायचा नाही. वेल्डिंग करून टाकीला कान, स्टँड काहीही जोडायचं नाही. १०० सीसीच्या फोरस्ट्रोक इंजिनाचा कॅम, म्हणजे झडपा उघडणारा भाग, बदलून पिस्टनच्या प्रत्येक फेरीला हवा मिळेल अशी व्यवस्था करतात, ती ६-८ बारवर चालते. ५० लिटरच्या रिसीव्हरवर गाडी मिनिटभरही पळणार नाही. पळेल तेवढं अंतर मोजा, भरायला लागलेली वीज मीटरवर मोजा आणि दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये शेजारी शेजारी लिहा.

सीएनजीची टाकी पुन्हा भंगारवाल्याच्या टेम्पोत घालू नका, तो गॅसकटर लावेल. तुमच्या भागात सीएनजी किट बसवणारं, टाकीची चाचणी करून देणारं अधिकृत केंद्र असेल, त्यांना फोन करून विचारा. ते व्हॉल्व्ह नीट उघडून ती निकामी करून देतील.