नाटक चांगलं, प्रयोग पडला

चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा नुसती हसले. रविवारी तू आजीबरोबर बालगंधर्वला नाटक बघून आलीस, येताना रिक्षात आजी गप्प होती आणि घरात शिरल्या शिरल्या, चपला काढायच्या आधी, तिनं खालच्या काकूंना फोन लावला: "नाटक छान आहे हो, पण आज प्रयोग पडला. तुम्ही जाच. आम्हीपण पुढच्या महिन्यात परत जाणार." तू चक्रावलीस. रंगलं नाही तर दुसऱ्याला 'जा' कशाला सांगायचं? आपणच परत पैसे खर्चून कशाला जायचं? आणि 'प्रयोग' म्हणजे शाळेच्या लॅबमध्ये करतात तोच ना? शेवटी, दोन महिने पुण्यात आहेस तर कुठली नाटकं बघू, हेही विचारलंस.

नाटकांचं नंतर. आधी हा प्रयोग.

शब्द तोच आहे, पण लॅबवाल्यांनी तो नंतर घेतला. कालिदासाच्या 'शाकुंतल'मध्ये सुरुवातीलाच सूत्रधार म्हणतो, जाणकारांचं समाधान होईपर्यंत मी माझं प्रयोगविज्ञान चांगलं मानत नाही. म्हणजे प्रयोगशाळा यायच्या कितीतरी आधीपासून नाटकवाल्यांकडे प्रयोग होता, आणि तो जमला की नाही हे ठरवणारे समोर बसलेले होते. तेच शाकुंतल अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात मराठीतून, गाण्यांसकट उभं केलं. तेव्हापासून पुण्याच्या लोकांना वाटतं की सूत्रधार ज्या जाणकारांबद्दल बोलतो ते आपणच. तुझी आजी त्यातलीच.

पण आजी जो फरक करते तो पुस्तकातला नाही, आपल्याकडे नाटक ज्या पद्धतीनं चालतं त्यातून आलेला आहे. लंडनला आपण गेलो होतो तेव्हा बघितलंस, एक नाटक एका थिएटरात ठाण मांडून बसतं, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. भिंती ठोकल्या त्या ठोकल्या. आपल्याकडे नाट्यगृह कुठल्याच नाटकाचं नसतं. बालगंधर्वच्या रंगमंचावर एका दिवसात दुपारी साडेबाराला एक, संध्याकाळी साडेपाचला दुसरं आणि रात्री साडेनऊला तिसरं नाटक असू शकतं. दुपारचा पडदा पडतो, लोक अजून पायऱ्या उतरत असतात, आणि आत दिवाणखान्याची भिंत तुकड्या-तुकड्यांनी विंगेतून बाहेर निघालेली असते. मागच्या दारात पुढच्या नाटकाचा टेम्पो उभा. तासा-दीड तासात नवीन भिंत, नवीन दार, दिव्यांची नवीन मांडणी. दुसऱ्या दिवशी तीच भिंत ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये, नंतर दादरला शिवाजी मंदिरात, मग कोल्हापूर-सांगलीचा दौरा. नट बसमध्ये झोपून आलेले. कुठे रंगमंच दोन फूट अरुंद, कुठे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचत नाही.

म्हणजे दरवेळी सगळं नव्यानं उभं करायचं आणि त्याच रात्री मोडायचं. संहिता तीच, माणसं तीच, तरी आजचं कालच्यासारखं नसतं. म्हणून आपण नाटक वेगळं मोजतो आणि प्रयोग वेगळा. पेपरातल्या जाहिरातीत प्रयोगाचा आकडा छापतात, बघितलंस का? शंभरावा, तीनशे पन्नासावा. नटाचं आयुष्यसुद्धा आपण प्रयोगांतच मोजतो. प्रशांत दामले यांनी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःचा १२,५०० वा प्रयोग केला. किती नाटकं केली ते कुणी पटकन सांगणार नाही, प्रयोग मात्र सगळ्यांना पाठ.

(क्रियापदांची गंमत बघ. नाटक आधी बसवतात. नीट बसवलं की ते उभं राहतं. मग ते लागतं. लागल्यावर रंगतं किंवा पडतं. तू लहानपणी विचारलं होतंस, बसवलेलं उभं कसं राहील? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.)

आता 'पडला' म्हणजे काय. तुला इथे परदेशात आपल्या मराठी मंडळानं आणलेलं ते नाटक आठवतं? तू नऊ-दहा वर्षांची असशील, दारात उभी राहून तिकिटं फाडत होतीस. हॉल भाड्याचा. तिथल्या माणसानं आधीच बजावलं होतं, आत काहीही पेटवायचं नाही, अलार्म वाजला तर दंड. नाटकवाल्यांची पंचाईत. पडदा उघडायच्या आधी रंगमंचावर उदबत्ती आणि नारळ झाल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नाही. शेवटी उदबत्ती न पेटवताच केळ्यात खोचली, आणि नारळ बाबांनी बाहेर पार्किंगमध्ये फूटपाथच्या कडेवर फोडला. कुत्रा घेऊन चाललेल्या एका बाई थांबून बघत राहिल्या, त्यांना खोबऱ्याचा तुकडा दिला.

नेपथ्य विमानातून येत नाही, त्यामुळे दिवाणखान्यासाठी आपला निळा सोफा गेला होता. त्याची डावीकडची स्प्रिंग तुटलेली. मी सांगायला विसरले. दुसऱ्या प्रवेशात नायिकेची सासू रागारागानं येऊन नेमकी तिथेच बसली आणि खोल गेली. अर्धा सेकंद शांतता. मग ती तशीच रुतलेल्या अवस्थेत सुनेकडे बघून म्हणाली, "माहेरचा वाटतं!" वाक्य संहितेत नव्हतं. हॉल कोसळला. सुनेचं काम करणारी मुलगी प्रेक्षकांकडे पाठ करून उभी होती, तिचे खांदे हलत होते. त्यानंतर दोन तास त्या हॉलमध्ये काय झालं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. प्रत्येक वाक्य पोचत होतं. शेवटच्या प्रवेशात सासू एकटी येऊन परत त्याच जागी बसली, आणि यावेळी कुणी हसलं नाही.

पुढच्या सुट्टीत तेच नाटक मी मुंबईत बघितलं. खरं नेपथ्य, खरा पडदा, तीच माणसं. कुणाचाही शब्द चुकला नाही. आणि प्रयोग पडला. का, ते नेमकं सांगता येत नाही. पहिला हशा यायला हवा तिथे आला नाही, म्हणून नटांनी पुढचं वाक्य जरा घाईनं घेतलं, त्यामुळे दुसरा हशा हुकला. तिसऱ्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला. मध्यंतरापर्यंत सगळे जण आपापलं काम चोख करत होते, एवढंच. घरी आल्यावर मीसुद्धा तेच म्हणाले, जे आजी रविवारी म्हणाली.

तेव्हा काकूंना 'तुम्ही जाच' म्हणण्यात काही विसंगती नाही. ती नाटकाची शिफारस होती. प्रयोगाची शिफारस करताच येत नाही, तो रविवारीच संपला. आपल्याकडे नाटक बघून आलेल्या माणसाला 'आवडलं का' हे नंतर विचारतात. आधी विचारतात, 'कसा झाला?' हाऊसफुल्ल होता का, टाळ्या कुठे पडल्या, अमक्याचा आवाज बसलाय म्हणत होते, लागला का? मग नाटकाकडे वळायचं.

मला हल्ली फोनवर येणाऱ्या शिफारशींचा वैताग येतो. 'अप्रतिम! निःशब्द! चुकवू नये असं!' निःशब्द झालात तर लिहिता कशाला? तुला एखादं नाटक आवडलं तर त्यातली एक जागा सांग, फक्त एक. ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं, हे आपल्या कामाचं आहे की नाही.

उदाहरणार्थ 'चारचौघी'. प्रशांत दळवींचं नाटक, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. १९९१ साली आलं तेव्हा आजीनं बघितलं, आणि २०२२ मध्ये तेच नाटक त्याच दिग्दर्शकानं परत आणलं तेव्हा पुन्हा. एक आई आणि तिच्या तीन मुली, सगळं घर आपापल्या अटींवर जगू बघणारं. मी जागा सांगते ती फोनची. मोठी मुलगी विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते, आणि बोलतच राहते. आपल्याला एकच बाजू ऐकू येते. पलीकडे खरं तर कुणीच नसतं, तरी तो माणूस काय म्हणाला असेल, कुठे गडबडला, कुठे आवाज चढवला, हे सगळं तिच्या गप्प राहण्यातून कळतं. पहिल्यांदा हे काम वंदना गुप्ते करायच्या, नव्यात मुक्ता बर्वे. दोघींपैकी कुणाची शांतता जास्त लांब, यावर आजी आणि तिची मैत्रीण यांच्यात अजून वाद आहे. तू विचारून बघ, पण वेळ काढून.

दुसरं 'संगीत देवबाभळी'. 'संगीत' शब्द बघून घाबरू नकोस, हे २०१७ चं आहे. नाशिकच्या प्राजक्त देशमुखनं आधी एकांकिका म्हणून केलं, मग पूर्ण नाटक झालं. त्याच्या संहितेला २०२० चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. तुकोबांची बायको आवली भाकरी घेऊन त्यांना शोधत रानात जाते, पायात काटा मोडतो, आणि तो काटा खुद्द विठ्ठल काढतो. इथपर्यंत तुला आजीनं गोष्ट सांगितलेली आहे. नाटक पुढे सुरू होतं: जखमी आवलीची सेवा करायला विठ्ठल रखुमाईला पाठवतो, आणि ती लखूबाई नावानं आवलीच्या घरी येऊन राहते. रंगमंचावर दोघीच. आवली विठ्ठलाला तोंडावर शिव्या घालते आणि लखूबाईला आपल्याच नवऱ्याबद्दल ते ऐकून घ्यावं लागतं. दोन बायका, दोघींचेही नवरे घरी नसलेले, एकीचा देवामागे गेलेला आणि दुसरीचा भक्तांमागे. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी हे बोलता बोलता गाऊ लागत, तेव्हा गाणं कुठे सुरू झालं ते कळायचंच नाही. तुझं मराठी आवलीच्या तोंडच्या शब्दांना दहा ठिकाणी अडेल. अडू दे. आजीला मध्येच विचारू नकोस, ती उत्तर देणार नाही आणि मागचे लोक शुक्‌ शुक्‌ करतील.

'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' कुठे लागलं तर धावत जा. राजकुमार तांगडेनं लिहिलेलं, नंदू माधव यांनी बसवलेलं, जालन्याकडची गावातली पोरं त्यात काम करायची. यम महाराजांना न्यायला येतो, पण महाराजांचे विचार खालीच राहतात, मग यम ते शोधत फिरतो. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यांचा कंटाळा आला की हे औषध. हलकंफुलकं हवं असेल तर प्रिया बापट आणि उमेश कामत यांचं, इरावती कर्णिकनं लिहिलेलं 'जर तरची गोष्ट' मैत्रिणींबरोबर बघ, आजीबरोबर नको, तिला त्यातल्या मुलांना सल्ले द्यावेसे वाटतात.

आणि शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर जे लागलं असेल ते. तिथल्यासारख्या नाटकांना आपण 'प्रायोगिक' म्हणतो. हो, तोच शब्द आला परत, आणि इथे मात्र त्याचा अर्थ तुझ्या लॅबच्या जवळचा. खोली छोटी, नट हाताच्या अंतरावर. काही नाटकं कळणार नाहीत. मला निम्मी कळली नव्हती, पण त्यातल्या एकाची आठवण गेली पंचवीस वर्षं सुटलेली नाही.

यातलं काय सध्या चालू आहे ते शनिवार-रविवारचा पेपर उघडून बघ. नाटकं बंद पडतात, परत उभी राहतात, नटसंच बदलतात, आणि लांबून मला त्यातलं अर्धंच कळतं.

प्रयोग आवडला तर संपल्यावर आत जाऊन भेटून ये. रंगपटाच्या, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीच्या, दाराशी रांग असते, कुणी अडवत नाही. मेकअप अर्धा पुसलेला, हातात चहा, असे उभे असतात. 'छान झालं' हे ते दिवसातून दोनशे वेळा ऐकतात. तू तुझी ती एक जागा सांग. मराठी अडलं तरी चालेल. सेल्फी नंतर.

आणि आजीबरोबर परत जाणार आहात ना, तर प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, कधी उघडतो ते आजच विचारून ठेव. तिला कडेची खुर्ची लागते, उजव्या बाजूची, म्हणजे दुखरा गुडघा रस्त्याकडे सोडता येतो. मध्यंतरात बटाटेवडा आणायला तू ऊठ, ती उठली की तिसरी घंटा होईपर्यंत परत येत नाही, कुणीतरी ओळखीचं भेटतंच. झालं की मला फोन कर. इथे तेव्हा दुपार असेल, मी वाट बघते. कसा झाला ते आधी सांग.

आई