नोकरीचा बायोडेटा : वाचकांच्या शंका

प्रश्न : बी.कॉम. झाल्यावर जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये तीन वर्षं अकाउंट्स सांभाळते आहे. नाशिक-पुण्याच्या वीसेक कंपन्यांना बायोडेटा पाठवला, एकीचाही फोन नाही. तीन पानांत सगळं लिहिलंय. प्रत सोबत जोडली आहे. काय चुकतंय?
– एक वाचक, यावल

उत्तर : तुमच्या पहिल्या पानावर वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, धर्म, रक्तगट, उंची आणि कायमचा पत्ता आहे. हा साचा लग्नाच्या बायोडेटाचा. डाळ मिलचं काम दुसऱ्या पानाच्या तळाशी एका ओळीत उरकलंय : ‘अकाउंटंट म्हणून काम केले.’ अर्जांचा गठ्ठा समोर असलेला माणूस पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग बघून पुढचं ठरवतो, आणि तिथे तुमच्या कामाचा एक शब्दही नाही.

एक पान पुरे. सर्वांत वर नाव, मोबाइल, ईमेल आणि गाव-जिल्हा. जात, धर्म, आधार आणि पॅन नंबर काढून टाका. ही कागदपत्रं नेमणुकीच्या वेळी द्यायची असतात आणि अर्ज किती हातांतून फिरेल ते सांगता येत नाही. नावाखाली दोन ओळी : ‘बी.कॉम., डाळ मिलमध्ये ३ वर्षं अकाउंट्स. टॅली प्राइम, जीएसटी, ई-वे बिल. नाशिक किंवा पुण्यात राहायला तयार.’ शेवटचं वाक्य विसरू नका. ‘जळगावची मुलगी एवढ्या लांब येईल का?’ ही शंका समोरच्याच्या मनात असते, ती तिथेच मिटते. त्याखाली कामाचा अनुभव, मग शिक्षण. दहावी-बारावीला एकेक ओळ.

आता ती ‘अकाउंटंट म्हणून काम केले’ची ओळ. ती अशी उलगडा :

‘टॅली प्राइममध्ये रोज ४० ते ५० खरेदी-विक्री बिलांची नोंद. तूर-हरभऱ्याच्या आवकेचा वजनकाट्याच्या पावत्यांशी ताळा. गाडी निघण्याआधी ई-वे बिल. दरमहा जीएसटीआर-२बीशी खरेदी जुळवणं, जीएसटीआर-१ आणि ३बीचे आकडे तयार करून सी.ए.कडे देणं. ६० व्यापाऱ्यांच्या येण्यांचा पाठपुरावा.’

आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे टाका. रिटर्न सी.ए. भरत असतील तर ‘रिटर्न भरते’ असं लिहू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न तारखांचा येतो. दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ची (विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न) मुदत ११ तारीख, २बी (खरेदीवरच्या कराचा आपोआप बनणारा तक्ता) तयार होतो १४ तारखेला, ३बीची (कर भरण्याचं गोषवारा रिटर्न) मुदत २० तारीख. ज्याच्या हाताखालून हे काम जातं त्याला त्या पाठ असतात. एका दाव्यावर अडखळलात की बाकीच्या खऱ्या ओळींवरही विश्वास राहत नाही, आणि हे नुकसान फार मोठं आहे.

आणखी एक. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर आधी सॉफ्टवेअर बायोडेट्यात जाहिरातीतले शब्द शोधतं. जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ (बँकेच्या आणि आपल्या नोंदींचा ताळा) असेल आणि ते काम तुम्ही करत असाल, तर तोच शब्द वापरा. दोन रकाने, चौकटी, रंगीत पट्ट्या यांत सॉफ्टवेअर पुष्कळदा गोंधळतं. साधी मांडणी ठेवा. पुण्याच्या कंपन्यांसाठी हे सगळं इंग्रजीत लागेल.

प्रश्न : मुलगा यंदा आयटीआय फिटर झाला. नोकरीचा अनुभव नाही. घरच्या दोन एकर केळीचं ठिबक आणि मोटार तोच बघतो. बायोडेट्यात ‘फ्रेशर’ एवढंच लिहावं का?
– एक पालक, रावेर

उत्तर : दादा, दोन वर्षं वर्कशॉपमध्ये घासलेला मुलगा एका शब्दात संपवू नका. ट्रेड, एनसीव्हीटी (राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद) प्रमाणपत्र, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष आणि टक्के लिहून झाले की हाताला काय येतं ते लिहा : फाइलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग, लेथवर फेसिंग-टर्निंग, ड्रॉइंग वाचणं. मापनाची साधनं नावानिशी लिहा – व्हर्नियर कॅलिपर (०.०२ मिमी), मायक्रोमीटर (०.०१ मिमी). हे आकडे पाहिले की शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर थांबून वाचतो. अर्थात वाचन घ्यायला सांगितलं तर ते चुकता कामा नये.

शेतीचं कामही वेगळ्या मथळ्याखाली लिहाच : ‘घरच्या २ एकर केळीच्या ठिबक संचाची देखभाल – सँड फिल्टरचं बॅकवॉश, स्क्रीन फिल्टरची सफाई, लॅटरलची गळती काढणं, व्हेंचुरीतून खत सोडणं, सबमर्सिबल पंपाच्या स्टार्टरची किरकोळ दुरुस्ती.’ आपल्या जिल्ह्यात पाइप आणि ठिबकचे कारखाने आहेत. तिथे हा अनुभव थेट उपयोगाचा आहे. मात्र खोट्या फर्मचं नाव घालून त्याला नोकरीचं रूप देऊ नका. भुसावळची रेल्वे किंवा आयुध निर्माणी यांच्या भरतीत स्वतः बनवलेला बायोडेटा चालत नाही. तिथे जाहिरातीत सांगितलेल्या नमुन्यातच अर्ज करावा लागतो.

प्रश्न : घरी अहिराणी बोलतो, पावरीही (सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची भाषा) समजते. भाषांच्या ओळीत लिहिलं तर गावंढळ वाटेल का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : बेधडक लिहा. बियाणं-खतांच्या कंपन्या, मायक्रोफायनान्स, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था यांना धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बोलू शकणारा माणूस हवा असतो आणि तो सहज मिळत नाही. फक्त किती येतं ते नेमकं सांगा : ‘अहिराणी – घरची भाषा, पावरी – समजते, कामापुरती बोलतो, गुजराती – वाचता येते.’ इंग्रजीबाबतही असंच. ‘ईमेल वाचून उत्तर लिहू शकतो’ हे ‘उत्तम’पेक्षा जास्त सांगून जातं.

प्रश्न : पदवीनंतर दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी केली, निवड झाली नाही. ही वर्षं लपवावीत का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. तारखा वाचणाऱ्याला रिकामी जागा दिसतेच, आणि तो मनानेच कारण ठरवतो. सरळ एक ओळ : ‘२०२३ ते २०२५ : पोलीस भरतीची पूर्णवेळ तयारी.’ मैदानी चाचणी पार केली असेल तर तेही लिहा. याच काळात एमएस-सीआयटी, टायपिंग किंवा वाहन परवाना मिळवला असेल तर तो याच ओळीखाली यावा. निवड न झाल्याची माफी कागदावर मागू नका.

प्रश्न : बायोडेटा मराठीत टाइप करून पाठवला, पण समोरच्याकडे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उघडली.
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : टायपिंग कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये झालंय. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर किंवा मोबाइलवर नसला की असंच दिसतं. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर-मोबाइलवर तसाच दिसणारी पद्धत) टाइप करा आणि पीडीएफ करून पाठवा. फाइलला ‘बायोडेटा न्यू फायनल २’ ऐवजी स्वतःचं नाव आणि पद द्या, इंग्रजी अक्षरांत. ईमेलच्या विषयातही पद लिहा. कोरा विषय आणि नुसती जोडलेली फाइल अनेकदा उघडलीच जात नाही. पाठवण्याआधी ती फाइल घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर उघडून बघा आणि त्यात दिलेल्या नंबरावर त्याच मोबाइलवरून फोन लावा. रिचार्ज संपलेला किंवा एक आकडा चुकलेला नंबर तिथेच लक्षात येतो.